मग नांगर कुणी टाकला?

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी यंदा दहावीला आहे. एका संध्याकाळी ती इंग्रजीचे गाइड घेऊन वर आली आणि म्हणाली, "काकू, ही कविता मला समजलीय, पण आवडली नाही. उत्तरात तसं लिहिलं तर मार्क जातील का?" मी सव्वीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, पण इतका प्रामाणिक प्रश्न वर्गात मला क्वचितच कुणी विचारला असेल. कविता अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनची 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' होती, अब्राहम लिंकन यांच्या मृत्यूवर लिहिलेली, जिच्यात कवी आपल्या गेलेल्या नेत्याला 'कप्तान' म्हणून हाका मारतो. गाइडमध्ये कवितेखाली दोन रकान्यांचा तक्ता होता. जहाज म्हणजे अमेरिका, कप्तान म्हणजे लिंकन, सफर म्हणजे यादवी युद्ध, बंदर म्हणजे शांतता आणि जिंकलेले बक्षीस म्हणजे अखंड राहिलेले राष्ट्र. प्रत्येक जोडीपुढे तिने पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

तक्त्यात एकही चूक नाही. तरीही ती मुलगी कवितेच्या बाहेरच उभी राहिली, कारण प्रतीक म्हणजे कुलूप आणि अर्थ म्हणजे किल्ली, एकदा उघडले की काम संपले, असे तिला शिकवले गेले होते. मीही अनेक वर्षे फळ्यावर हाच तक्ता काढत आले, हे आज लिहिताना मनाला लागते. म्हणून ही विलापिका मी पुन्हा हातात घेतली आणि गेले काही आठवडे ती माझ्यासोबत आहे.

आधी घटना सांगते. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले आणि त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. ९ एप्रिल १८६५ रोजी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली याने ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, गुड फ्रायडेच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने लिंकन यांच्यावर मागून गोळी झाडली. त्यांना समोरच्या एका घरात नेण्यात आले आणि १५ एप्रिलच्या सकाळी तिथेच त्यांचा अंत झाला. व्हिटमन तेव्हा ब्रुकलिनला आईच्या घरी होता. युद्धाच्या काळात तो वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयांत जाऊन जखमी जवानांजवळ बसे, त्यांची पत्रे लिहून देई, त्यांना फळे नेऊन देई. लिंकन यांना त्याने रस्त्याने जाताना अनेकदा पाहिले होते, दोघांची नजरानजर होऊन मान लवत असे, पण बोलणे कधीच झाले नाही. ही कविता त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे प्रेस' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली.

या घटनेतले कवितेत काय आले नाही, ते आधी पाहावे. नाट्यगृह नाही, पिस्तूल नाही, मारेकऱ्याचे नाव तर नाहीच, आणि ज्यांच्यासाठी हा शोक आहे त्या लिंकन यांचेही नाव नाही. कवीने तो देह नाट्यगृहातून आणि त्या परक्या घरातल्या पलंगावरून उचलला आणि जहाजाच्या डेकवर आणून ठेवला. डेक ही कप्तानाची कामाची जागा आहे. करमणुकीच्या ठिकाणी आलेले मरण कवितेने कामावर असताना आलेले मरण करून टाकले, आणि मारेकऱ्याला त्या डेकवर पाय ठेवायलाही जागा दिली नाही. रूपकाची ही निवड मला फार मोठी वाटते. वृत्तपत्रांनी ज्या माणसाचे नाव घरोघरी पोहोचवले, त्याला कवीने फक्त गाळले.

आपल्या भाषेत या कवितेची एक वेगळीच अडचण होते. 'कॅप्टन'ला आपण सहज 'कर्णधार' म्हणतो. कर्ण म्हणजे सुकाणू, ते धरणारा तो कर्णधार, म्हणजे व्हिटमनचे अख्खे रूपक आपल्या एका शब्दात आधीपासूनच भरलेले आहे. पण क्रिकेट संघाचा कर्णधार, पक्षाची सुकाणू समिती, संस्थेची धुरा असे बोलत राहिल्याने त्या शब्दातले पाणी कधीच आटून गेले. सुकाणू समितीच्या बैठकीला जाणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांपुढे सुकाणू येत नाही. कवितेतले जहाज पाण्यावर तरंगताना दिसायचे असेल, तर शब्द पाण्याजवळ राहणाऱ्यांकडूनच घ्यावा लागतो.

मी ठाणे पूर्वेला राहते आणि चेंदणी कोळीवाडा माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मीठबंदर रस्त्याला माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील राहतात. वय ऐंशीच्या घरात आहे आणि आयुष्य खाडीत आणि दर्यावर गेले आहे. एका सकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून ही कविता त्यांना मराठीतून सांगितली. ते मांडीवर जाळे पसरून फाटलेला भाग शिवत होते. मी 'कर्णधार' म्हणत होते तोवर त्यांचा हात चालू राहिला. मग मला सुचले आणि मी 'तांडेल' म्हटले. बोट कुठे न्यायची, जाळे कधी टाकायचे, वारा फिरला तर परत कधी वळायचे, हे ज्याच्या शब्दावर ठरते तो तांडेल. हात थांबला. सुई जाळ्यात तशीच राहिली आणि त्यांनी पुढचे सगळे माझ्याकडे बघत ऐकले.

ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "बाई, किनारा दिसत व्हता तवा तांडेल गेला ना? आन् मंग ज्हाज बंदरात लागलं म्हनता. मंग नांगर कोनी टाकला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नाही, कारण माझे जहाज तक्त्यातले होते आणि तक्त्यातल्या जहाजाला नांगर लागत नाही. घरी येऊन मी कविता पुन्हा वाचली. पहिल्या कडव्यात बंदर जवळ आले आहे, घंटा ऐकू येत आहेत, काठावरचे लोक त्या जहाजाकडे डोळे लावून आहेत. तिसऱ्या कडव्यात जहाजाने सुखरूप नांगर टाकला आहे. या दोन्हींच्या मध्ये कप्तान मरून पडलेला आहे आणि जहाज मात्र सरळ चालले आहे. म्हणजे कुणीतरी सुकाणू धरले, कुणीतरी शिडे उतरवली, कुणीतरी साखळी सोडली. ही माणसे कवितेत कुठेही दिसत नाहीत. बोलणारा एकटा खलाशी देहापाशी आहे, आणि बाकीच्यांनी जहाज आत आणले आहे. मला वाटते, ही न दिसणारी माणसे म्हणजेच व्हिटमन ज्यांच्या खाटांजवळ बसला ती मुले. हे त्याने इथे लिहिले नाही, पण दुसऱ्या विलापिकेत त्याला ते लिहावेच लागले. तिच्याकडे मी पुढे येते.

त्याआधी कवितेची घडण. तीन कडवी आहेत आणि प्रत्येकात आधी चार लांब ओळी, मग चार आखूड ओळी. लांब ओळींत जहाज, बंदर, गर्दी, जयघोष आहे आणि आखूड ओळींत डेक आणि त्यावरचा देह. दृश्य प्रत्येक वेळी विस्तीर्ण किनाऱ्यावरून एका माणसाइतक्या जागेवर येऊन थांबते आणि तिन्ही कडवी त्याच शब्दांवर संपतात, की तो पडला आहे, गार, मृत. कवीने पुढे या आखूड ओळींवर पुन्हा काम केले, आणि हे बदल पाहण्यासारखे आहेत. पहिल्या पाठात तो आपल्या काळजाला सांगतो, की ही लहानशी जागा सोडू नकोस. नंतरच्या पाठात ती लहानशी जागा गेली आणि तिथे रक्ताचे लाल थेंब आले. दुसऱ्या कडव्यात आधी तो म्हणत होता, की हा हात मी तुमच्याखाली सारतो. नंतर तो हात नेमका डोक्याखाली आला. तिसऱ्या कडव्यातली निःशब्द पावले शोकाची पावले झाली. बहुतेक समीक्षक सुधारलेला पाठ अधिक बांधेसूद मानतात आणि ते खरेही असेल, पण मला 'ही लहानशी जागा सोडू नकोस' हे काढून टाकल्याची हळहळ वाटते. रक्ताचे थेंब डोळ्यांना दिसतात, पण त्या लहानशा जागेत माणसाला उभे राहता येते. ज्यांनी घरात मृतदेहाजवळ रात्र काढली आहे त्यांना ती जागा माहीत आहे. चटई सरकवावी लागते, समई लागते, तेवढीच ती जागा असते, आणि तिथून उठून चहा करायला जाणेही पायांना जमत नाही.

दुसऱ्या कडव्यातल्या प्रतिमा दुहेरी आहेत आणि कवितेचा खरा चटका तिथे आहे. घंटा वाजतात, ध्वज फडकतो, बिगुल वाजतो, लोक फुलांचे गुच्छ आणि फिती लावलेली पुष्पचक्रे घेऊन उभे आहेत. यांतली एकही गोष्ट अशी नाही, की जी विजयाच्या स्वागताला चालते आणि अंत्ययात्रेला चालत नाही. गर्दीला वाटते आपण स्वागताला आलो आहोत. वाचकाला आणि त्या एका खलाशाला माहीत आहे, की ही सगळी सामग्री नकळत दुसऱ्याच कामासाठी जमली आहे. हे मराठी माणसाला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. सत्काराचा हार आणि तिरडीवरचा हार आपण एकाच फुलवाल्याकडून घेतो, तोही कशासाठी म्हणून विचारत नाही, आणि आपल्या भाषेने तर 'हार' या एकाच शब्दात माळ आणि पराभव दोन्ही ठेवले आहेत. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गात इंदुमती जाते तीही आकाशातून पडलेल्या फुलांच्या माळेने, आणि तिचा पती अज विलाप करताना विचारतो, की ही माळ जर प्राण घेणारी असेल, तर माझ्या छातीवर ठेवली असता ती मला का मारत नाही. माळ तीच, प्रश्न तोच. फुलांना काहीच कळत नाही.

याच कडव्यात कवी कप्तानाला 'बाबा' म्हणतो. परीक्षेच्या उत्तरात इथे 'राष्ट्रपित्याचे प्रतीक' असे लिहितात आणि पुढे जातात. मला इथे पुढे जाता येत नाही, कारण माझी आजी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, त्याच रात्री त्यांचा देह विमानाने मुंबईत आणला गेला आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या गर्दीत अंत्यसंस्कार झाले. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरची. दोन महिनेही झाले नव्हते, किनारा नुकता दिसू लागला होता. माझी आजी तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि ठाण्याहून लोकलने दादरला गेली होती. ती आयुष्यभर त्यांना 'बाबा' म्हणाली, तेही असे की लहानपणी मला ते आमच्या नात्यातलेच कुणी वाटत. त्या दिवसाविषयी आम्ही विचारले, की ती गर्दीबद्दल फार बोलत नसे. ती सांगे, की बातमी आली तेव्हा परातीत ज्वारीचे पीठ भिजवलेले होते, तवा तापला होता, आणि ती तशीच उठली. परतल्यावर पीठ आंबले होते. "ते टाकताना मी रडले," असे ती म्हणे, "तिकडं दादरला रडू आलं नव्हतं." नेता गेल्यावर पोरके होणे म्हणजे काय, हे मला कवितेच्या आधी त्या परातीने शिकवले. व्हिटमन अगदी हेच करतो. किनाऱ्यावरची गर्दी तो लांब ओळींना देऊन टाकतो आणि स्वतःकडे फक्त एका डोक्याखाली सारलेला हात ठेवतो.

आता दुसरी विलापिका. लिंकन यांच्यावरच, त्याच वर्षी, त्याच कवीने लिहिलेली ही कविता सोळा भागांची आणि दोनशेहून अधिक ओळींची आहे. हिच्यात यमके नाहीत, जहाजाचे रूपक नाही, आणि इथेही लिंकन यांचे नाव नाही. तीन गोष्टी आहेत. अंगणातली लायलॅकची फुले, पश्चिमेला मावळणारा तारा म्हणजे शुक्र, आणि दलदलीत एकटा गाणारा एक लाजरा पक्षी. यांपैकी एकही कवीने कल्पनेने आणलेली नाही. त्या वसंतात लायलॅक खरोखरच फुलला होता, शुक्र पश्चिमेला खरोखरच फार तेजस्वी दिसत होता, आणि त्या पक्ष्याची माहिती त्याला निसर्ग जाणणाऱ्या जॉन बरोज या मित्राकडून मिळाली होती. पुढे लायलॅकचा वास आला की तो दिवस आठवतो, असे तो सांगत असे. जहाज हे रूपक कवीने उचलून आणले आणि देशावर बसवले. लायलॅक मात्र आधीपासून दारात होता. दुःख त्याच्यावर येऊन बसले. या फरकामुळे लायलॅकचा तक्ता करता येत नाही. 'फूल म्हणजे प्रेम' असे लिहिले की हातात काहीच उरत नाही, कारण ते फूल दर वसंतात पुन्हा येणार आहे आणि तीच त्याची पीडा आहे. मी लायलॅक कधी पाहिला नाही. अनुवादात त्याच्या जागी मोगरा घालण्याचा मोह मला झाला होता. मी तो आवरला, कारण ज्या फुलाने ते दुःख सोसले, त्याचे नाव त्याच्याकडेच राहायला हवे.

या कवितेत शवपेटी प्रवास करते. लिंकन यांची अंत्ययात्रा रेल्वेने निघाली होती. २१ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनहून सुटलेली गाडी सुमारे २,७०० किलोमीटर फिरून ३ मे रोजी इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डला पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी दफन झाले. त्याच गाडीत, १८६२ मध्ये अकराव्या वर्षी वारलेल्या त्यांच्या मुलाची, विलीची, शवपेटीही होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली रेल्वेगाडी ज्या गावी आली, त्या ठाण्यात राहून हे वाचताना मला जाणवते, की रेल्वे तेव्हा किती नवी होती. एवढ्या मोठ्या देशाने आपल्या नेत्याचा देह रुळांवरून गावोगावी नेऊन दाखवावा, ही गोष्टच त्या काळाने प्रथम पाहिली असणार. कवितेतली पेटी गल्ल्यांतून, रस्त्यांतून, गव्हाच्या नव्या कोंबांजवळून जाते, आणि ती जवळून जाताना कवी लायलॅकची एक डहाळी तिच्यावर ठेवतो. आणि लगेच म्हणतो, की ही एकाच पेटीसाठी नाही, सगळ्याच शवपेट्यांसाठी मी फुले आणली आहेत.

शेवटच्या आधीच्या भागात, त्या पक्ष्याचे गाणे ऐकताना, त्याला रणांगण दिसते. असंख्य प्रेते, तरुण मुलांचे पांढरे सांगाडे. तो म्हणतो, की ते स्वतः शांत होते, त्यांना वेदना नव्हती. मागे राहिलेले जिवंत सोसत होते, आई सोसत होती, बायको, मूल आणि सोबती सोसत होते. नांगर टाकणारे हात मला इथे भेटले. जहाजाच्या कवितेत ज्यांना जागा नव्हती, ते सगळे इथे एका नेत्याच्या विलापिकेत येऊन उभे राहिले आहेत आणि कवीने त्यांच्यापुढे नेत्यालाही क्षणभर बाजूला केले आहे.

आपल्याकडची एक तुलना मनातून जात नाही. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगावरच्या नामदेवांच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक येतो. ते थोरले बंधू आणि गुरू, तरीही कोसळतात. तिथल्या प्रतिमा शेताशिवारातल्या आहेत. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी जावे, पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावे. व्हिटमनचे जहाज कप्तान गेल्यावरही अखंड राहते आणि फक्त एक माणूस आतून फुटतो. नामदेवांच्या अभंगात, ज्याने सगळ्यांना बांधून ठेवले होते तो गेल्यावर मागे राहिलेलेच विखुरतात. पेंढीचा आळा म्हणजे काय असते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ज्ञानदेव त्या भावंडांना काय होते ते वेगळे सांगावे लागत नाही. एक गवताची दोरी, जी सुटेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

व्हिटमनला स्वतःला जहाजाची कविता पुढे पुढे नकोशी झाली होती. १८७९ पासून तो लिंकन यांच्यावर व्याख्याने देई आणि शेवटी लोक तीच कविता मागत. आपण ती लिहिली याचे आता जवळजवळ वाईट वाटते, असे तो म्हातारपणी म्हणाला होता. यमके, ठेका, सहज पाठ होणे, हे सगळे त्याच्या इतर लेखनाशी विसंगत आहे, हे मला मान्य आहे. पण दहावीच्या मुलीच्या हातात लायलॅकची कविता जात नाही, ही जाते, आणि तिच्यातही एक लहानशी जागा शिल्लक आहे. त्या मुलीला मी कोळीवाड्यातला प्रश्न सांगितला. ती बराच वेळ गाइडकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "काकू, पण ह्या तक्त्यात खलाशी नाहीतच."

परवा मी पुन्हा मीठबंदर रस्त्याला गेले. म्हाताऱ्यांना मी दुसरी कविता सांगितली, ती रणांगणावरची मुले सांगितली आणि म्हटले, की नांगर यांनी टाकला असेल. त्यांनी मान हलवली.

"खलाशीच टाकतात बाई, दुसरा कोन टाकील," ते म्हणाले. मग खाडीकडे पाहत थोड्या वेळाने म्हणाले, "पन तवा कोनी कोनाशी बोललं नसंल."